आधीच्यांची ओळ पुसायची नाही

यालूना गावात गावसेवा मागून मिळत नाही आणि नको म्हणून सुटत नाही. वर्षाच्या शेवटी गावसभा भरते, कुणीतरी उठून तुमचं नाव घेतं, आणखी चार जण माना डोलावतात, आणि पुढचं वर्षभर तुम्ही पाण्याच्या नळाचे, शाळेच्या छपराचे, देवळातल्या मेणबत्त्यांचे नाहीतर कोंडवाड्याचे मानकरी होता. पगार नाही. उलट पदरमोडच. सेनाइदाचं नाव निघालं ते टेलिफोनसाठी.

सेनाइदाची मक्याची गिरणी होती. चुन्याच्या पाण्यात उकळलेल्या मक्याच्या बादल्या घेऊन गावातल्या बायका उजाडताच तिच्या दारात रांग लावायच्या, आणि पीठ मऊ निघालं नाही तर तिथल्या तिथे तिचा उद्धार करायच्या. पट्टा तुटला, दगड झिजला, मोटर तापली, तरी ती कुणाला बोलवायची नाही, स्वतःच हात काळे करायची. "जिला गिरणी कळते तिला टेलिफोन कळेल," असं सभेच्या गर्दीतून कुणीतरी म्हणालं. तो कोण होता हे तिला कळलं असतं, तर त्याच्या बायकोचा मका तिने वर्षभर जाडाभरडाच दळला असता.

टेलिफोन गावाचा स्वतःचा होता. मोठ्या कंपन्यांना हात जोडून झाले होते. एवढ्याशा गावासाठी मनोरा परवडत नाही, असं त्यांनी गोड शब्दांत कळवलं. मग गावाने शहरातल्या काही खटपट्या मंडळींना धरलं आणि आपलं आपण उभं केलं. गावकचेरीच्या माडीवर सर्व्हर, म्हणजे एक बुटक्या पेटीसारखा करडा डबा. छपरावर सौर पॅनेल, खाली बॅटऱ्या. आणि दोन अँटेना: एक गावाकडे तोंड केलेला, दुसरा समोरच्या कोमाल डोंगराकडे. कोमाल म्हणजे तवा, माथा सपाट आहे म्हणून. वर गावाची कॉफी, गावाचं सरपण, गावाची गुरं. दिवसा निम्मं गाव तिथेच असतं.

तो डबा सुरू होताना एक फाइल वाचायचा. कुठला अँटेना चालू, कुठला बंद, कुणाचा नंबर कोणता, सगळं त्या फाइलीत एकेका ओळीत लिहिलेलं. फाइलीत जे असेल तेच डबा करणार, पदरचं काही नाही.

आधीच्या वर्षीचा मानकरी आबुंदियो रीतीप्रमाणे तिच्या घरी आला. पाव आणला, चॉकलेट आणलं, मेस्काल दारूची बाटली आणली. उभा राहून, टोपी हातात धरून, माझ्या हातून काही चुकलं असेल तर पोटात घाला, असं लांबलचक भाषण केलं. मग किल्ली दिली.

"आणि शिकवणार कधी?" सेनाइदाने विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? सगळं फाइलीत आहे. एकच लक्षात ठेव. आधीच्यांची ओळ पुसायची नाही."

"का?"

"का म्हणजे? वडीलधारी माणसं आहेत ती. त्यांनी सेवा केलीय."

हे बोलणं तिलाही पटलं, कारण ती यालूनाचीच. ज्याने सेवा केली त्याचं काम मागून येणाऱ्याने मोडायचं नाही, असा तिथला रिवाज. देवळात एक बाक तिरका बसवलेला आहे. सगळ्यांच्या पायाला ठेचा लागतात. पण तो हलवायचं कुणी मनात आणत नाही. पुढच्या मानकऱ्याने त्याच्याशेजारी एक सरळ बाक ठेवला आणि दोघांचाही मान राखला. फाइलीतही तेच झालं होतं. आधीच्याची ओळ पटली नाही तर ती तशीच ठेवायची, आणि खाली आपली वेगळी लिहायची. एकाच गोष्टीबद्दल दोन ओळी दिसल्या की डबा खालची धरायचा. काम भागायचं आणि कुणाचं मनही दुखायचं नाही. ओळ का लिहिली, हे मात्र कुणी कधीच लिहिलं नाही. सेवा तोंडानेच पुढे जाते, कागदाने नाही, याचा तर गावाला अभिमान होता.

सुरुवातीचे महिने सेनाइदाने गिरणी बंद झाली की माडीवर काढले. डब्यासोबत आलेली माहितीची पुस्तिका स्पॅनिशमध्ये होती, पण ती लिहिणाऱ्याने स्पॅनिश बोलणारा माणूस कधी पाहिला असावा असं वाटत नव्हतं. 'येथे योग्य ते मूल्य भरावे.' योग्य म्हणजे कुठलं, ते नाही. 'अयोग्य मूल्य भरल्यास सेवा अयोग्यरीत्या चालेल.' हे वाचून तिला पुस्तिका चुलीत घालावीशी वाटली. एकदा जेवताना तिने नवऱ्याला, नाबोरला, एक वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं.

"ऐक. 'अडचण आल्यास आपल्या प्रशासकाशी संपर्क साधावा.' प्रशासक कोण?"

"तू," नाबोर राजमा चावत म्हणाला.

"मग मी कुणाशी संपर्क साधू?"

"मला नको विचारू. मी कॉफी पिकवतो."

तरीही ती शिकली. डोंगरावरच्या वस्तीतल्या चार घरांना नंबर हवे होते, त्यांच्यासाठी तिने सगळ्यांत खाली चौघांत एक नंबर देणारी ओळ घातली आणि ती चालली. त्या दिवशी तिला गिरणीची पहिली मोटर स्वतः जोडली होती तेव्हासारखा आनंद झाला. पुढे शहरातल्या मंडळींनी सर्व्हरसाठी नवी आवृत्ती पाठवली. सुधारणा केल्या आहेत, लावून घ्या, एवढाच निरोप. तिने लावली. पुढच्या वेळी डबा बंद होऊन सुरू होईल तेव्हा ती लागू होणार होती. डबा काही बंद पडला नाही, आणि ती विसरून गेली. त्या आवृत्तीत नेमकं काय बदललं, हे एका लांबलचक पानाच्या तळाशी एका वाक्यात लिहिलं होतं. तिथपर्यंत ती पोचली नव्हती. कुणीही पोचलं नसतं.

वणवा लागला तो कॉफी तोडून झाल्यानंतरच्या कोरड्या दिवसांत. देवळाची घंटा वाजली तशी चालती फिरती माणसं कोयते, खोरी, पाठीवरचे पाण्याचे पंप घेऊन चौकात गोळा झाली. वणव्याला श्रमदान करावंच लागतं, त्यात सूट नाही. नाबोर आला, आबुंदियो आला. आबुंदियोच म्होरक्या. आग कोमालच्या पाठीमागच्या उतारावर होती, गावातून दिसतही नव्हती. नुसता धूर.

सेनाइदाने नाबोरच्या पिशवीत तोर्तिया, मक्याच्या भाकऱ्या, बांधून दिल्या. "वर पोचलास की फोन कर."

"तुझा फोन चालू असला तर करीन," तो म्हणाला आणि हसत निघून गेला.

सकाळी त्याने फोन केलाही. आम्ही माथ्यापलीकडे आहोत, आगीच्या वाटेत चर खणतोय, दुपारनंतर उतरू, नेहमीच्या वाटेने. नेहमीची वाट म्हणजे घळीची. कोमालच्या अलीकडच्या अंगाला एक खोल घळ आहे, सुक्या काटक्या आणि पाइनच्या काड्यांनी गच्च भरलेली. तिच्यातूनच पायवाट गावात उतरते.

दुपारी वीज गेली. कुठेतरी तारेचा खांब जळाला असणार. बॅटऱ्यांनी भार उचलला, पण मध्ये एक क्षण वीज तुटली, आणि तेवढ्यात डबा बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. सेनाइदा तेव्हा माडीवरच होती. पडद्यावर अक्षरं सरकली, थांबली, आणि शेवटी एकच ओळ उरली: 'सेटिंग अमान्य. सेवा सुरू करता येत नाही.'

कुठलं सेटिंग, कुठल्या ओळीत, काही नाही. तिने पुन्हा सुरू केला. डबा जुना, सुरू व्हायला त्याला बराच वेळ लागे. ती पडद्यापुढे शालीने कपाळ पुसत उभी राहिली. पुन्हा तेच अक्षर न् अक्षर.

"माझीच ओळ असेल," ती पुटपुटली आणि वस्तीसाठी घातलेली आपली ओळ तिने काढून टाकली. पुन्हा सुरू. पुन्हा 'अमान्य'. आता शहरातल्या मंडळींना विचारावं तर फोन बंद, आणि इंटरनेटही त्याच डब्यातून यायचं. आबुंदियोला विचारावं तर तो डोंगरावर. चरफडत तिने पुस्तिका उघडली, 'अमान्य' हा शब्द शोधला. 'सेटिंग अमान्य असल्यास मान्य सेटिंग भरावे.'

तेवढ्यात छपरावरून हाक आली. गावाचे अध्यक्ष तिओ फाकुन्दो तिथे दुर्बीण घेऊन बसले होते. तिओ म्हणजे काका, यालूनात सगळ्या वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात. "सेनाइदा! वर ये! लवकर!"

ती वर गेली. वारा फिरला होता. माथ्यावरून ठिणग्या उडून अलीकडे पडल्या होत्या, आणि घळीच्या मधल्या टप्प्यात धुराचा एक पांढरा पट्टा उठत होता. बारीक, सरळ, नुकता पेटलेला. माथ्यापलीकडच्या माणसांना तो दिसणं शक्य नव्हतं. त्यांच्या दृष्टीने आग समोर होती आणि पाठ मोकळी होती.

"काका, ते घळीनेच उतरणार आहेत," सेनाइदा म्हणाली. "नाबोर म्हणाला होता."

"फोन लाव."

"फोन बंद आहे."

तिओ फाकुन्दो जिन्याकडे वळून ओरडले, "घंटा वाजवा! घंटा वाजवा रे!"

"नको!" सेनाइदाने त्यांचा दंड धरला. अध्यक्षाचा दंड धरायची रीत नाही, पण तिने धरला. "घंटा म्हणजे खाली या. ते ऐकतील आणि लगेच खाली येतील. घळीने!"

म्हाताऱ्याने जिन्यातून ओरडून घंटा थांबवली. घंटेला 'या' म्हणता येतं, 'त्या वाटेने येऊ नका' म्हणता येत नाही. गावाकडे पूर्वी वॉकीटॉकी होते, पण स्वतःचा टेलिफोन आल्यावर ते कपाटात गेले आणि तिथेच मेले. तिओ फाकुन्दोंनी दोन तरण्या बायकांना लांबच्या वाटेने पिटाळलं. त्यांना पोचायला संध्याकाळ झाली असती. ते दोघांनाही ठाऊक होतं.

"तुझा तो डबा चालू कर, पोरी," ते हळू आवाजात म्हणाले. "कसाही कर."

ती खाली आली. तिने नवी आवृत्ती आली होती तेव्हाचं ते लांबलचक पान उघडलं. तिने ते साठवून ठेवलं होतं म्हणून बरं. या वेळी ती खालून वर वाचत गेली, आणि तळाशीच ते वाक्य सापडलं: एकच सेटिंग यापुढे दोनदा लिहिलेलं चालणार नाही.

तिला रडायला आलं आणि रागही आला. एवढी महत्त्वाची गोष्ट, आणि सांगायची ती अशी, तळघरात ठेवून! हे वाक्य वर ठळक लिहायला कुणाचे हात मोडले होते?

आता फाइल. तिने ती वरपासून वाचली. दोनदा लिहिलेल्या बऱ्याच ओळी होत्या, पण त्यातल्या बहुतेक साध्या होत्या. जुने नंबर, बदललेली नावं. त्यातल्या वरच्या तिने एकेक करून काढल्या. प्रत्येक वेळी जीव चरकत होता, कुणाच्या तरी दारात उभं राहून त्याच्या तोंडावर बोलतोय असं वाटत होतं, पण काढल्या. शेवटी एक जोडी उरली. वरची ओळ म्हणत होती: 'अँटेना दोन: बंद.' बरीच खाली दुसरी: 'अँटेना दोन: चालू.'

अँटेना दोन म्हणजे डोंगराकडचा. चालू हवा, हे उघड होतं. वरची पुसली की झालं. तिने बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

वरची ओळ अगदी सुरुवातीची होती. ती तिओ मेलितोनची. गावाचा पहिला टेलिफोनचा मानकरी, शहरातल्या मंडळींबरोबर छपरावर चढून ज्याने स्वतःच्या हाताने मनोरा उभारला, तो तिओ मेलितोन. त्याने 'बंद' लिहिलं ते उगाच लिहिलं असेल? दुसरा अँटेना भार ओढतो. आता वीज गेलेली, डबा नुसत्या बॅटऱ्यांवर. एवढ्या बॅटऱ्यांवर दोन्ही अँटेना लावले तर काहीतरी जळेल, म्हणून तर त्याने लिहिलं नसेल? आणि जळलं तर? मग डोंगरही गेला आणि गावही गेलं, हाताशी काहीच राहिलं नाही. ज्याने 'चालू' लिहिलं त्याला हे ठाऊक होतं की नव्हतं? फाइल गप्प होती. फाइलीत 'बंद' होतं, 'का' नव्हतं.

"तिओ मेलितोनना आणा," ती जिन्यात येऊन ओरडली. "उचलून आणा, पण आणा!"

चौकातल्या बायकांनी खरंच जवळजवळ उचलून आणलं. म्हातारा ऐकायला कमी, चालायला त्याहून कमी, पण ताठा मात्र सगळा शाबूत. माडीवर येऊन खुर्चीत टेकल्यावर त्याने आधी दम खाल्ला, मग टोपी नीट केली.

"तिओ, ही ओळ तुमची ना?"

"कुठली?"

तिने पडद्याकडे बोट केलं. त्याने डोळे बारीक केले. "दिसत नाही मला. वाच."

"अँटेना दोन: बंद. का बंद केला होता?"

"मी केला?"

"तुम्हीच केला! आठवा ना! बॅटऱ्यांसाठी का? काही जळेल म्हणून का?"

"ओरडू नको. मी बहिरा असेन, पण मेलेलो नाही." त्याने डोळे मिटले. सेनाइदाला छपरावरून तिओ फाकुन्दोंचा आवाज आला, धूर रुंद होतोय म्हणून. तिला त्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावंसं वाटलं. ती त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली.

"तिओ," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "नाबोर वर आहे. आबुंदियो वर आहे. सगळे आहेत. घळ पेटलीय."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. बराच वेळ तो अँटेनाच्या तारेकडे पाहत राहिला, जिथून ती भिंतीतून बाहेर जात होती.

"जत्रा," तो म्हणाला.

"काय?"

"संत मार्ताची जत्रा होती. माझ्या पोराचा धर्मबाप, माझा कुमपाद्रे, बँड घेऊन आला होता. इथेच, खाली चौकात. आणि त्याच्या कर्ण्यांतून सारखं घूं घूं घूं. तो चिडला. म्हणाला, तुझ्या त्या काठीमुळे होतंय, बंद कर, नाहीतर मी वाजवत नाही. मग मी डोंगराकडचा बंद केला. तेवढ्या रात्रीपुरता."

"रात्रीपुरता?"

"सकाळी चालू करणार होतो." त्याने ओठ चाटले. "सकाळी मेस्काल उतरली नव्हती. मग राहिलंच. माझ्या मागून रुतिलिया मानकरी झाली, तिने चालू केला, मला वाटलं माझी ओळ तिने पुसली असेल."

"कुणीच पुसली नाही, तिओ."

"अगं का?" म्हातारा खरोखरच चकित होऊन म्हणाला.

सेनाइदाने ओळ पुसली आणि डबा सुरू केला.

त्या वाट पाहण्याबद्दल ती पुढे कधी फारशी बोलली नाही. डब्याचे दिवे एकामागून एक लागत होते, मध्येच थबकत होते. तिओ मेलितोन ओठांतल्या ओठांत संत मार्ताला काहीतरी कबूल करत होता. मग पडद्यावर लिहून आलं, 'सेवा सुरू.' खाली चौकात बायकांचे फोन एकदम टिणटिणले. सेनाइदाने नाबोरचा नंबर लावला. वाजला. वाजत राहिला.

"काय गं?" नाबोरचा आवाज, धापा टाकत. "झाला वाटतं चालू तुझा फोन."

"घळीने उतरू नका! घळ पेटलीय! ऐकतोयस? घळीने नको!"

"आम्ही घळीच्या तोंडाशी आहोत," तो म्हणाला. "आबुंदियो पुढे गेलाय. वाट बघायला."

"परत बोलाव!"

त्याने फोन बंद केला नाही. तो हातात धरूनच धावला. तिला त्याच्या बुटांखालचे दगड ऐकू येत होते, त्याचा श्वास, आणि तो ओरडत असलेलं नाव, आबुंदियो, आबुंदियो, दर वेळी आधीपेक्षा घोगरं. मग खोकला. मग एक तडतड, तव्यावर मीठ पडल्यासारखी. सेनाइदा फोन कानाला लावून उभी होती आणि माडीवर कुणी हलत नव्हतं. नाबोरला खाली पाठवणारी आपणच, परत बोलाव म्हणणारी आपणच, हे तिच्या मनात आलं. ती जमिनीवर बसली. तडतड वाढली. मग नुसती खरखर.

"मिळाला," नाबोर म्हणाला. "मिळाला. येतोय वर. रानातून पलीकडे उतरतो आम्ही, सान लुकासच्या बाजूने."

तिओ मेलितोनने सेनाइदाच्या हातातून फोन घेतला आणि आपण बहिरे आहोत हे विसरून त्यात ओरडला, "सावकाश या रे पोरांनो, सावकाश!"

सगळे आले. रात्रीपर्यंत डोंगरापलीकडच्या सान लुकास गावाहून ट्रकमधून आले, काळेठिक्कर पडलेले. आबुंदियोच्या भुवया गेल्या होत्या आणि छातीत धूर बसला होता. घळीत गावातल्या दोघांची मिळून बरीच कॉफीची झाडं गेली आणि एक गाढव गेलं.

पुढच्या रविवारी सभा भरली. गावाने सेनाइदाचे आभार मानले, आणि मग, यालूनाच ते, तिला फैलावरही घेतलं. एक जण उठून म्हणाला, आधीच्या मानकऱ्यांच्या इतक्या ओळी एका दुपारी पुसल्या, सभेला न विचारता, हे बरं दिसत नाही. दोघा तिघांनी माना डोलावल्या. सेनाइदा मान खाली घालून उभी होती. तिला राग येत होता आणि लाजही वाटत होती, कारण तिच्याही मनात तेच होतं.

तिओ मेलितोन काठी टेकत उठला. त्याला उठायला वेळ लागला, आणि तोवर सगळे गप्प झाले.

"ती ओळ माझी होती," तो म्हणाला. "एका रात्रीची. कर्णे घूं घूं करतात म्हणून. इतकी वर्षं तुम्ही तिचा मान राखलात. माझ्या दारावरून रोज जाता. एकाला तरी विचारावंसं वाटलं नाही, तिओ, ही कशाला? आणि मी! मी तरी दोन शब्द लिहायचे होते."

आबुंदियो मागच्या बाकावर होता. त्याने तोंड उघडलं, पण खोकल्याची उबळ आली, आणि तो बराच वेळ खोकत राहिला. त्याला बोलता आलं नाही.

सेनाइदाने तेवढ्यात हात वर केला. फाइलीत एक सोय होती. ओळीच्या आधी एक खूण केली की पुढचं डबा वाचत नाही, फक्त माणसं वाचतात. तिने सभेकडे एवढंच मागितलं की यापुढे प्रत्येक ओळीच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहायच्या: कुणी, का, आणि कधीपर्यंत. कागदाने सेवा होत नाही, असं एक जण पुटपुटला. तरी सभेने होकाराचे हात वर केले.

उरलेलं वर्ष तिने त्यात घातलं. पीठ घ्यायला येणाऱ्या बायकांच्या हाती निरोप पाठवून तिने जुन्या मानकऱ्यांना गिरणीवर बोलावलं, मोटरच्या घरघरीत ओरडून ओरडून विचारलं. एक ओळ कुणाचीच निघेना, म्हणून लॉस एंजेलिसला भांडी घासणाऱ्या रुतिलियाला फोन लावला.

"ती ओळ?" रुतिलिया तिकडून म्हणाली. "अगं, ती मला वाटायचं तिओ मेलितोनची आहे!"

"ते म्हणतात तुझी."

"मग कुणाची?"

ते शेवटपर्यंत कळलं नाही. सेनाइदाने ती ओळ काढून पाहिली, आठवडाभर काही बिघडलं नाही, तेव्हा तिने ती पुसली आणि पुसल्याचंही लिहून ठेवलं. वस्तीतल्या चार घरांसाठीची आपली ओळ तिने पुन्हा घातली आणि वर लिहिलं: 'वस्तीला वेगळे नंबर मिळाले की ही पुसावी. मला वाईट वाटणार नाही.' हे शेवटचं वाक्य लिहिताना तिला थोडं वाईट वाटलंच.

वर्ष संपलं. सभेने प्रिसिलियानो खाटकाचं नाव घेतलं. सेनाइदा पाव, चॉकलेट आणि मेस्कालची बाटली घेऊन त्याच्या घरी गेली, उभी राहून, माझ्या हातून काही चुकलं असेल तर पोटात घाला, असं म्हणाली, आणि किल्ली दिली.

"आधीच्यांची ओळ पुसायची नाही, एवढंच ना?" प्रिसिलियानो म्हणाला. आबुंदियोचं ते वाक्य त्यालाही ठाऊक होतं.

"वाच आधी," ती म्हणाली. "मग ठरव."

दुसऱ्या दिवशी तो माडीवर गेला, चष्मा लावला आणि वरपासून वाचू लागला. बराच वेळ लागला. शेजारच्या गल्लीतून खोकल्याचा आवाज येत होता, तो आता गावाच्या सवयीचा झाला होता. प्रिसिलियानो अँटेना दोनच्या ओळीशी आला. वर लिहिलं होतं:

'डोंगराकडचा अँटेना चालू ठेवावा. कारण वर आपली माणसं असतात. कधीपर्यंत: माणसं वर जातात तोपर्यंत. हे ज्याला पटणार नाही त्याने पुसण्याआधी आबुंदियोच्या दारात जाऊन थोडा वेळ उभं राहावं. सेनाइदा, गिरणीवाली.'